उलटा फिरणारा चक

वायरिंगमध्ये चूक झाली की ती बहुतेक वेळा लगेच बोंब मारते. एमसीबी पडतो, जळका वास येतो, नाहीतर टेस्टर नको तिथे पेटतो. त्या दिवशी यातलं काहीच झालं नाही. सहाच्या सहा ट्यूब पेटल्या, एकही फडफडली नाही, आणि तरीही माझा उजवा हात जाता जाता वाचला.

काम तसं साधं होतं. घराला लागून गॅरेज, पण गाडीच्या जागी लाकूडकामाची कार्यशाळा. मालक निवृत्त झालेले, मी त्यांना काका म्हणतो. एका भिंतीला लांबलचक कामाचं टेबल, त्याच्या टोकाला लाकूड कातायचं लेथ, कोपऱ्यात भुसा ओढणारं मशीन. आणि या सगळ्या पसाऱ्यावर छताच्या मधोमध एकुलता एक बल्ब. काकांच्या जुन्या ऑफिसाचं नूतनीकरण झालं तेव्हा तिथून निघालेल्या तीन जोडपट्ट्या त्यांनी जपून आणून ठेवल्या होत्या. प्रत्येकीत चार फुटी, ३६ वॅटच्या दोन ट्यूब, तांब्याचे दोन चोक, दोन स्टार्टर.

"तुला नुसत्या टांगायच्या आहेत," काका म्हणाले.

"नुसत्या" हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून आला की मी जेवणाचा डबा सोबत घेऊनच निघतो.

आधी हिशेब केला. खोली सहा मीटर बाय साडेतीन, म्हणजे २१ चौरस मीटर. नुसतं वावरायला १०० लक्सही (दर चौरस मीटरवर पडणारा उजेड) पुरतात, पण लाकडावर पेन्सिलीने मारलेली रेघ धरून कापायचं तर ३०० तरी हवेत. असल्या जुन्या ट्यूबमधून साधारण अडीच हजार लुमेन उजेड निघतो. सहा ट्यूबचे पंधरा हजार. त्यातला निम्मा उजेड भिंतींनी आणि धुळीने खाल्ला तरी उरलेले साडेसात हजार भागिले २१, म्हणजे साडेतीनशे लक्स हातात पडतात. म्हणजे संख्येचा प्रश्न नव्हता. प्रश्न जागेचा होता.

काकांना तिन्ही पट्ट्या मधोमध, एका रांगेत हव्या होत्या. दिसायला छान दिसलं असतं. मी त्यांना टेबलापाशी काम करतात तसं उभं केलं आणि मागे सरकून खोलीच्या मध्यावरून बॅटरी मारली. त्यांच्याच डोक्याची सावली थेट त्यांच्या हातांवर पडली. पुढे काही बोलावं लागलं नाही. दोन पट्ट्या टेबलाच्या पुढच्या कडेच्या बरोब्बर वर, टेबलाला समांतर. तिसरी पलीकडच्या बाजूला, सावल्या मोडायला. आणखी एक गोष्ट, जी गॅरेजात हमखास विसरली जाते: वर उचललं की छताखाली सरकत आत येणारं दार. ते आधी पूर्ण उघडून त्याची हद्द छतावर खडूने आखून घेतली. नाहीतर पट्टी लावायची दुपारी आणि संध्याकाळी दार उघडताना ती खाली.

मेन बंद करून, बोर्डावर चिठ्ठी चिकटवून शिडीच्या घोड्यावर चढलो. बल्बचा पॉइंट उघडला तर आणखी एक नमुना निघाला: कुणीतरी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलं होतं. म्हणजे बटण बंद केलं तरी वरच्या होल्डरमध्ये करंट जिवंत. एवढी वर्षं त्या बल्बला हात लावणारे सगळे नशिबावर जगले. ते सुलट केलं, पट्ट्यांच्या पत्र्यांना अर्थिंग ओढलं. छत काँक्रीटचं, सहा मिलिमीटरचं बिट, प्लॅस्टिकच्या गिट्ट्या. ड्रिलच्या बिटात कागदी कप ओवला की निम्मी भुकटी त्यात पडते, उरलेली निम्मी डोळ्यांत. बल्ब काढून टाकला आणि त्याच्याच पॉइंटवरून तिन्ही पट्ट्यांना सप्लाय दिला. हे बल्ब काढणं लक्षात ठेवा.

बटण दाबलं. स्टार्टर टिचकले, ट्यूब एकेक करून पेटल्या. काका हरखून गेले. इतका वेळ झाकून ठेवलेल्या लेथवरची चादर त्यांनी काढली, भुसा ओढायचं मशीन लावलं, आणि मी घोड्यावर उभा राहून पट्टीचं झाकण बसवत असताना लेथही चालू केलं. आदल्या दिवशी त्यांनी नवा पट्टा चढवला होता, तो नीट चालतो का ते बघायचं होतं. लेथ रिकामंच होतं, लाकूड बांधलेलं नव्हतं. चालू करून ते पाठमोरे दुसऱ्या टोकाला काहीतरी शोधायला गेले.

मला यातलं काही कळलं नाही. भुसा ओढणाऱ्या मशीनची घरघर एवढी होती की तिच्याखाली लेथचा आवाज पार बुडाला. मी खाली उतरलो. चादर होती तरी लेथच्या डोक्यावर छताची पांढरी भुकटी पडलेलीच होती. आपण केलेली घाण आपण पुसायची, म्हणून फडकं घेऊन वाकलो. चक, म्हणजे लाकूड धरून फिरवणारा लेथचा गोल पंजा, समोरच होता. चार जबड्यांचा, चांगला तळहातापेक्षा मोठा. आणि तो हळूहळू, अगदी आळसावल्यासारखा, उलटा फिरत होता. चारही जबडे स्पष्ट दिसत होते, त्यांच्या कडा, त्यांच्यावरचे चरे. मला वाटलं, पट्टा बघताना काकांनी हाताने ढकलून सोडलाय. पुसायच्या आधी तो थांबवावा म्हणून तळहात पुढे केला.

वीतभर अंतर उरलं असेल. हातातल्या फडक्याचं लोंबतं टोक फडफडायला लागलं.

त्या खोलीत पंखा नव्हता. दारही आता खाली ओढलेलं होतं. मी त्या टोकाकडे बघितलं, मग तळहाताला वारा लागला, आणि हात असा मागे घेतला की कोपर घोड्यावर आपटलं. काकांना हाक मारली ती बहुधा किंचाळल्यासारखी असावी, कारण त्यांनी धावत येऊन आधी मेनच पाडला. सगळा अंधार. अंधारात पहिल्यांदा लेथ ऐकू आलं: गुंईऽऽ करत मंदावत जाणारं.

शिकत असताना मी "स्ट्रोबोस्कोपिक परिणाम" यावर टीप लिहून पूर्ण गुण मिळवलेले आहेत. पाठांतर तोंडात राहतं, हाताला माहीत नसतं.

घडलं ते असं. ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यात प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. तांब्याच्या चोकवरची ट्यूब प्रत्येक वेळी जवळजवळ विझते आणि पुन्हा पेटते. डोळ्याला ते कळत नाही. काकांच्या लेथची मोटर मोकळी चालताना मिनिटाला जवळपास १,४९० फेरे घेते, आणि पट्टा दोन्हीकडे सारख्या मापाच्या कप्प्यांवर (चाकांवर) होता, म्हणजे चकाचा वेगही तोच. आता हा चक बरोब्बर १,५०० ने फिरला असता तर सेकंदाला २५ फेरे, गुणिले चार जबडे, बरोबर शंभर. दर वेळी उजेड पडला की एका जबड्याच्या जागी नेमका पुढचा जबडा. बघणाऱ्याला चक ठार थांबलेला. दहा फेरे कमी पडले म्हणून दर उजेडाला जबडा जरासा मागे राहत होता, आणि मला चक मिनिटाला दहा फेऱ्यांनी उलटा जाताना दिसला. सहा सेकंदांत एक फेरा. आळसावल्यासारखाच.

आणि जुना बल्ब? त्याची तार सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात गार होत नाही, त्यामुळे त्याचा उजेड जवळजवळ सलग असतो. अंधुक होता, पण खरं दाखवत होता. तो मीच काढून खिशात घातला होता.

काका ऐकायला तयार नव्हते. "अरे, ऑफिसात वीस वर्षं याच दिव्यांखाली बसलो मी."

"ऑफिसात फिरत काय होतं काका? खुर्ची."

शिवाय मोठ्या ऑफिसात दिव्यांच्या रांगा बऱ्याचदा तीन फेजवर वाटलेल्या असतात. एक रांग विझते तेव्हा दुसऱ्या दोन पेटलेल्या असतात, झाकून जातं. घरात एकच फेज, सगळ्या ट्यूब एकदम विझणार आणि एकदमच पेटणार. हे नुसतं सांगून काकांना पटेना, म्हणून लेथ बंद ठेवून दिवे लावले आणि त्यांच्या हातात पेन्सिल दिली: डोळ्यांसमोर भराभर हलवा. एका पेन्सिलीच्या दहा पेन्सिली, पंख्याच्या काड्यांसारख्या सुट्या सुट्या. मग आतल्या खोलीतल्या साध्या बल्बखाली तीच पेन्सिल: नुसता पुसट पट्टा. चार-पाच वेळा इकडून तिकडे करून आले, आणि मग काही न बोलता त्यांनी लेथचा प्लग काढून ठेवला.

उपाय दोन होते. जोडपट्टीतल्या एका ट्यूबच्या चोकला योग्य कपॅसिटर सिरीजमध्ये जोडला की तिचा प्रवाह दुसरीच्या पुढे सरकतो. एक विझताना दुसरी तेवत असते. जुनी युक्ती आहे, चांगलीही आहे, पण लुकलुक कमी होते, जात नाही. दुसरा उपाय इलेक्ट्रॉनिक चोक. तो ट्यूब सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा चालवतो. स्टार्टर लागत नाही आणि तो हम्मऽ आवाजही जातो. मी दुसरा धरला. एलईडी का नाही, असं काकांनी विचारलं. चालेल, पण आतला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) हलका निघाला तर तोही शंभरच्याच तालावर लुकलुकतो, म्हणून तिथेही पेन्सिल हलवून बघितल्याशिवाय मी पैसे मोजत नाही.

दुसऱ्या दिवशी सहा जड चोक काढून तीन हलके बसवले. एकावर दोन ट्यूब चालतात. खिशातला बल्ब लेथच्या डोक्यावर, वाकवता येणाऱ्या दांडीवर लावून दिला, वेगळ्या बटणावर. मग लेथ चालू केलं. यावेळी मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होतो. जबडे दिसेनासे झाले आणि त्यांच्या जागी एक करडं, कडा विरलेलं वर्तुळ उरलं.

काढलेले चोक मी पिशवीत भरत होतो, ते काकांनी परत मागून घेतले. "तांबं आहे रे त्यात," म्हणाले, आणि ते खणात ठेवून दिले.