दिवाळी अंकांची यादी डेटाबेसमध्ये: साल, ळ आणि टोपणनावं

एक्सेलमधली दिवाळी अंकांची यादी आता सगळी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये आली. तो उघडायला आणि भरायला वापरतोय ते डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट. फुकट आहे, देवनागरी नीट दिसतं आणि अख्खा डेटाबेस एकाच फाइलीत मावतो. ती पेन ड्राइव्हवर टाकली की बॅकअप झाला. डेटा दीर्घकाळ जपण्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेस जे फाइलप्रकार सुचवते त्यांत एसक्यूलाइट आहे, आणि बनवणाऱ्यांनी २०५० पर्यंत ते सांभाळायचा शब्द दिलाय. जुने अंक जमवणाऱ्याला एवढं पाहावंच लागतं. फक्त 'राइट चेंजेस' दाबल्याशिवाय काहीही फाइलीत उतरत नाही, हे हाताला वळण लागेपर्यंत लक्षात ठेवा.

टेबलं तीन केली: अंक, लेखक, साहित्य. टेबलांची आणि रकान्यांची नावं सरळ मराठीत दिली तरी एसक्यूलाइट तक्रार करत नाही. साहित्याच्या टेबलातली एक ओळ म्हणजे एका अंकातली एक कथा, कविता किंवा लेख. तिच्यात अंकाचा क्रमांक आणि लेखकाचा क्रमांक. एक्सेलमध्ये लेखक १, लेखक २ असे आडवे वाढत जाणारे रकाने असतात, ते इथे एकदाचे संपतात.

खरी मजा टोपणनावांची. आरती प्रभू म्हणजेच चिं. त्र्यं. खानोलकर, कविता एका नावाने, कथा दुसऱ्या. माणूस एकच, म्हणून लेखकांच्या टेबलात ओळही एकच. पण अंकात काय छापलंय तेही गमवायचं नाही, म्हणून साहित्याच्या टेबलात 'छापील_नाव' असा वेगळा रकाना ठेवला. खानोलकरांचा क्रमांक विचारला की दोन्ही नावांखालचं सगळं येतं. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज यांचंही तसंच. आद्याक्षरांमध्ये टिंबानंतर जागा सोडायची की नाही, हा वादही लेखकाचं नाव एकाच ठिकाणी राहिल्याने आपोआप मिटला.

आता देवनागरीच्या खोड्या. साल मराठी आकड्यांत टंकू नका. रकान्याचा प्रकार 'इंटिजर', म्हणजे पूर्णांक, दिला असला तरी एसक्यूलाइटला फक्त इंग्रजी आकडेच संख्या म्हणून कळतात; मराठीतलं १९७१ तो मुकाट्याने मजकूर म्हणून ठेवून घेतो. आणि मजकूर त्याच्या लेखी कुठल्याही संख्येपेक्षा मोठा. मग १९९० नंतरचे अंक मागितले की १९७१ चा अंकही ऐटीत येऊन बसतो. टेबल बनवतानाच 'स्ट्रिक्ट' लिहिलं तर अशी नोंद तो घेतच नाही. ही सोय २०२१ पासून आहे. त्याआधीची आवृत्ती असेल तर रकान्याला 'चेक' ही अट लावून प्रकार तपासता येतो.

दुसरी खोडी ळ ची. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमवारीत, तो ल च्या शेजारी बसवलाय. त्यामुळे यादीत काळे हे कासारांच्या आधी येतात. यावर सापडलेला उपाय मला फार आवडला: क्रम लावताना 'रिप्लेस' वापरून ळ च्या जागी अवग्रह, म्हणजे ऽ, धरायचा. युनिकोडमध्ये अवग्रह ह च्या नंतर आणि काना-मात्रांच्या आधी येतो, नेमका हवा तिथे. मूळ नोंदीला हात लागत नाही, फक्त क्रम बदलतो. क्षीरसागर अजून क च्या शेवटी येतात, ते मला चालतं. 'ॲ' मात्र पाहून घ्या: एक अखंड अक्षर असतं आणि एक अ वर चंद्र देऊन केलेलं असतं. दिसायला सारखी, शोधायला वेगळी. शिवाय अखंड ॲ यादीत ह च्याही पार मागे जातो. कोणतंही एकच ठरवून सगळ्या नोंदी बदलून घ्या.

आणि ज्यासाठी हा खटाटोप केला ती गोष्ट: कुठली सालं आपल्याकडे नाहीत? नुसत्या अंकांच्या टेबलाला हे विचारता येत नाही, नसलेल्या अंकाची ओळच नाही ना. म्हणून 'सालं' नावाचं एक रकान्याचं टेबल सीएसव्हीतून (साध्या मजकूर फाइलीतून) आत घेतलं आणि त्याला अंक 'लेफ्ट जॉइन'ने जोडले, म्हणजे जुळणारा अंक नसला तरी सालाची ओळ राहते. अनंत अंतरकरांचं 'हंस' मासिक निघालं १९४६ साली. तिथून पुढची सालं घेतली, की ज्यांच्यापुढे रिकामं ती हवी असलेल्यांची यादी. इथे एक मेख आहे. नियतकालिक 'हंस' ही अट 'वेअर'मध्ये, म्हणजे ओळी गाळून घ्यायच्या अटींत, टाकली तर रिकाम्या ओळी गळून जातात आणि यादी कोरी येते. ती अट 'ऑन'मध्येच, म्हणजे जोडणीच्या अटीत, हवी. 'वेअर'मध्ये फक्त अंकाचा क्रमांक 'नल', म्हणजे रिकामा, आहे एवढंच. ही यादी छापून खिशात ठेवली की रद्दीवाल्याकडे उभ्या उभ्या निर्णय होतो.

डीबी ब्राउझरमध्ये नोंदी भरायला हवे तसे फॉर्म बनवता येत नाहीत, ही त्याची लंगडी बाजू. म्हणून लिब्रेऑफिस बेस हा दुसरा डेटाबेस प्रोग्राम ओडीबीसी या जोडणीने याच फाइलीला जोडून तिथे फॉर्म बनवायला घेतलाय. त्याआधी अनुवादित कथांचं काहीतरी करायला हवं: एका कथेला मूळ लेखकही आणि अनुवादकही. साहित्याच्या टेबलात लेखकाचा क्रमांक एकच मावतो. बहुधा तो तिथून काढून साहित्य आणि लेखक यांना जोडणारं चौथं टेबल करावं लागेल, त्यात 'भूमिका' असा रकाना, आणि 'छापील_नाव'ही मग तिकडेच जाईल. मुखपृष्ठाचा चित्रकारही त्यातच बसवायचा की अंकाच्या टेबलात ठेवायचा, यावर अजून घोडं अडलंय.