बद्द वाजणारं बीड

वसुबारसेला नऊ दिवस उरले होते. सकाळी साडेआठला गिरगावातून एका काकूंचा फोन आला. "दादा, गिरणी पुन्हा मोडली. भाजणीचे डबे रांगेला लागलेत. काहीही करा, पण आज या."

गिरणी चाळीच्या तळमजल्यावरची, त्यांच्या सासऱ्यांनी घातलेली. दारात स्टीलच्या डब्यांची रांग, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. आत भाजलेल्या धण्या-जिऱ्याचा वास कोंडलेला. मोटर ठीक होती, दगडही ठीक होते. शाफ्टचं बेअरिंग ज्या बैठकीवर बसतं तिचा बोल्टाचा एक कान तडकला होता. पट्ट्याची सगळी ओढ त्या कानावर येते. चार दिवसांपूर्वी कोणीतरी जागेवरच वेल्डिंग करून गेलं होतं. तो जोड शाबूत होता. नवा तडा त्याच्या अगदी कडेने गेला होता.

काकूंचा मुलगा म्हणाला, "काका, मशीन आणलंयत ना? इथेच दोन टाके मारा. पाच मिनिटांचं काम आहे."

मी नाही म्हटलं. पंख्याच्या पात्यांपासून वायरींपर्यंत पिठाचा थर होता. साचलेलं पीठ फार तर धुमसतं, पण तेच हवेत उडालं आणि ठिणगी मिळाली की एकदम भडका होतो, आणि बंद खोलीत त्याचा स्फोट होऊ शकतो. मागच्या वेळी काही झालं नाही, हे त्या माणसाचं आणि या घराचं नशीब. बैठक सोडवली, गोणपाटात गुंडाळली आणि टॅक्सीच्या डिकीत घालून रे रोडला आणली. तिथल्या दारूखाना भागात भंगाराच्या गोदामांमध्ये एका शेडची एक बाजू मी भाड्याने घेतली आहे.

सत्तावीस वर्षं मी फोर्टमधल्या एका कंपनीत हिशेब लिहिले. वेल्डिंग ही रविवारची हौस होती. आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स केलेल्या मित्राने हात धरून शिकवलं. आधी नुसती सरळ रेघ ओढायची, रॉड चिकटू न देता. मग कुंड्यांचे स्टँड, स्टूल, देव्हाऱ्याची चौकट. जोड फसला तर कापायचा आणि पुन्हा करायचा, कोणाचं काही अडत नव्हतं. 2021 मध्ये ऑफिस बंद झालं तेव्हा वयाची पन्नाशी गाठली होती. बायको म्हणाली, "जे रविवारी करता ते सोमवारीही करून बघा." तिच्या त्या वाक्यावर मी हा धंदा उभा केला. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे यांवर घर चालतं.

शेडमध्ये पहिलं काम ठिणगी बघायचं. ग्राइंडर टेकवला. साध्या लोखंडाची ठिणगी लांब जाते, पिवळी-पांढरी. ही चाकाजवळच विझत होती, मंद लाल, आखूड. बीड, म्हणजे ओतीव लोखंड. साध्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याच्याही आत असतो, बिडात दोन ते चार टक्के. त्यावर साधा रॉड चालवला की जोडालगतचं बीड काचेसारखं कडक होतं आणि गार होताना जोड आक्रसला की तिथेच तडकतं. मागचा जोड टिकून शेजारचं बीड का तुटलं, याचं उत्तर ते होतं.

तडा किती लांब गेलाय हे डोळ्यांना दिसत नाही. डिझेलचा बोळा फिरवला, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. मिनिटभरात पांढऱ्यावर केसासारखी काळसर रेघ उमटली. मला वाटलं होतं त्याहून बोटभर पुढे. तिच्या टोकाला तीन मिलीमीटरचं भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. जुना जोड पूर्ण घासून काढला, व्हीसारखी खाच केली. बीड वर्षानुवर्षं तेल पितं, ते टॉर्चच्या आचेवर जाळावं लागतं. धूर थांबेपर्यंत मी शेक देत राहिलो.

निकेलचे रॉड नागदेवी स्ट्रीटवरून आणून ठेवले होते. महाग असतात, एकेक मोजून वापरतो. निकेल मऊ राहतं, बिडाबरोबर थोडं ताणलं जातं. रीत अशी, की इंचभर जोड घालायचा, लाली ओसरते न ओसरते तोच हातोडीने हलके ठोके देत तो पसरवायचा, मग बैठकीवर हात टेकवता येईपर्यंत थांबायचं. तेव्हा कुठे पुढचा इंच, तोही पहिल्याच्या शेजारी नाही, दूरच्या टोकाला.

साडेतीन वाजले होते. काकूंचा तिसरा फोन येऊन गेला होता. शेडमध्ये पत्र्याखाली ऑक्टोबरची काहिली, हेल्मेटच्या काचेवर घामाचे थेंब. आणि मी सलग दोन इंच ओढले.

चहाचा ग्लास हातात घेतला आणि ऐकलं. टिंग. नाणं फरशीवर पडावं तसा बारीक आवाज. पोटात खड्डा पडला. लहान हातोडीने कानावर टिचकी मारली. मडकं घेताना आपण वाजवून बघतो तसंच. चांगलं बीड खणकन वाजतं. हे बद्द वाजलं.

दोन तासांचं काम ग्राइंडरखाली घातलं. काकूंना फोन करून सांगितलं, "चूक माझी झाली. घाई केली. आज गिरणी चालू होणार नाही, उद्या सकाळी करतो." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "ज्यांना थांबता येणार नाही त्यांचे डबे शेजारच्या गिरणीत पाठवते. पण दादा, पुन्हा मोडायला नको." हौशीच्या बारा वर्षांत असं वाक्य मला कोणी ऐकवलं नव्हतं. त्या डब्यांच्या चिठ्ठ्यांवरची नावं मी वाचली होती, ती रात्री डोळ्यांसमोर येत राहिली.

दुसऱ्यांदा घड्याळ खिशात ठेवलं. इंच, ठोके, हात. इंच, ठोके, हात. रात्री साडेनऊला शेवटचा जोड पडला. बैठक कोरड्या रेतीत पुरून ठेवली, हळूहळू गार व्हायला. पहाटे सहाला उकरून काढली, टिचकी मारली. खणकन वाजली. तरीही दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मारली.

साडेनऊला गिरणी चालू झाली. पट्टा आधीच्या मेस्त्रीने फार ताणून बसवला होता, तो थोडा सैल केला. मूळ दुखणं तेच होतं असं माझं मत आहे. काकूंनी पैसे विचारले. मी निकेलचे रॉड, टॅक्सी आणि एका दिवसाची मजुरी धरली, फसलेल्या दोन तासांचे धरले नाहीत. त्यांनी बिलाचा कागद वाचला, घडी घालून गल्ल्यात ठेवला.

आठव्या दिवशी संध्याकाळी डिझेलची बाटली आणि खडू घेऊन पुन्हा गेलो. गर्दी होती, काकूंनी पाच मिनिटं गिरणी थांबवली. बोळा फिरवला, पुसलं, पूड चोळली आणि विजेरी धरून बसलो. मिनिट गेलं, दोन गेली. रेघ उठली नाही. मी बाजूला झालो आणि काकूंनी पुढचा डबा हॉपरमध्ये ओतला.