टुवाँग, टरिंगा, इंडरूपिली : ब्रिस्बेनच्या लोकलमधून

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला निघालेल्या कुणालाही मी सांगते की नदीवरची फेरीबोट, कोआला, गोल्ड कोस्टचा समुद्र हे सगळं पाहाच, पण एक अख्खा दिवस लोकलसाठी राखून ठेवा. ऑगस्ट २०२४ पासून या राज्यात, म्हणजे क्वीन्सलंडमध्ये, सार्वजनिक वाहतुकीचं भाडं सरसकट ५० सेंट आहे. शहराच्या मध्यावरून रोजवूडपर्यंत जा, नाहीतर पार दुसऱ्या टोकाला किपा-रिंगला, पैसे तेवढेच. आणि या गाड्यांत नुसतं दारावरच्या पट्टीवरचं स्टेशनांचं नाव वाचत बसलं तरी या भूमीचा इतिहास डोळ्यांसमोरून जातो.

मी गेले तेव्हा ऑक्टोबर होता, म्हणजे तिकडचा वसंत. मावसबहिणीच्या घरामागे पहाटे उजाडायच्या आधीच कोकीळ सुरू व्हायचा. आपलाच वाटावा असा, खालून वर चढत जाणारा सूर. तिकडचा पॅसिफिक कोएल हा आपल्या कोकिळेचा अगदी जवळचा भाऊबंद. न्यू गिनी आणि इंडोनेशियाकडून तो वसंतात इथे येतो आणि आपल्या कोकिळेसारखाच दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. ताई म्हणाली, "उद्या इप्सविचच्या गाडीने जाणारेस ना? मग याच्या नावाचं स्टेशन लागेल बघ."

रोमा स्ट्रीटहून गाडी सुटली की मिल्टन येतं, मग ऑकनफ्लॉवर हे स्कॉटिश नाव आणि त्यानंतर टुवाँग. या भागातले मूळ लोक या कोकिळेला तिच्या आवाजावरूनच 'टुवाँग' म्हणायचे आणि तेच नाव नदीच्या या वळणाला लागलं, असं सांगतात. मला हे स्टेशन फार आवडलं. फलाटाला लागून भलंमोठं शॉपिंग सेंटर आहे, कॉलेजची मुलं धावत गाडी पकडतात आणि उद्घोषणेतला बाईंचा आवाज दिवसभर, नकळत, एका पक्ष्याची हाक देत राहतो.

पुढचं टरिंगा. आधी या स्टेशनाचं नाव वेस्ट मिल्टन होतं. नंतर यगेरा या इथल्या मूळ लोकांच्या भाषेतल्या, दगडधोंड्यांची जागा अशा अर्थाच्या शब्दांवरून टरिंगा झालं. मग इंडरूपिली. स्थानिक माणसं हे इतक्या झपाट्याने म्हणतात की मधला 'रू' गिळला जातो. बहुतेक ठिकाणी याचा अर्थ 'जळवांची घळ' असा दिलेला सापडतो, काही जण 'वाहत्या पाण्याची घळ' म्हणतात. शेवटचं 'पिली' म्हणजे घळ किंवा ओहोळ. दुसऱ्या मार्गावर यीराँगपिली नावाचं स्टेशन आहे, तिथेही तेच पिली. स्टेशन सोडताच गाडी नदीवरच्या पुलावर चढते. रेल्वेचा इथला पहिला पूल १८७६ चा. १८९३ च्या महापुराने तो वाहून नेला आणि १८९५ मध्ये पुन्हा बांधला गेला. पाण्याच्या आणि घळींच्या या मुलखाला त्याच्या मूळ माणसांनी पाण्यावरूनच नावं दिली होती, हे पुलावरून खाली बघताना पटतं.

पुलापलीकडे चेल्मर, शेरवुड, ऑक्सली. इंग्लंडमधली नदी, इंग्लंडमधलं जंगल आणि १८२३ मध्ये इथे आलेला सर्वेक्षक जॉन ऑक्सली. ही नावं झरझर मागे जातात. त्यानंतर डारा, पुन्हा दगडच. आणि मग वेकॉल. डारानंतर वेकॉल ऐकलं की तेही त्याच भाषेतलं वाटतं. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी गप्पा चालल्या होत्या, त्यांनी हसून डोकं हलवलं. इथे कोळशाच्या गाड्यांचं वजन व्हायचं. 'वे कोल', म्हणजे कोळसा तोला, यावरून रेल्वेने १९२७ मध्ये हे नाव जुळवलं! पुढची कितीतरी स्टेशनं कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यातली आहेत. एबवेल हे नाव तर थेट वेल्समधल्या खाणींच्या गावातून आलंय.

इप्सविचनंतर डबा जवळजवळ रिकामा झाला. वुलकुराका, कॅराबिन, वलून, थगूना, रोजवूड. गवताळ माळ, मधूनच घोडे, फलाटावर एखाद-दुसरा उतारू. रोजवूडच्या पुढे लोकल जात नाही. पण त्याच रुळांवर थोडं पुढे ग्रँडचेस्टर आहे. क्वीन्सलंडची पहिली रेल्वे ३१ जुलै १८६५ रोजी इप्सविचहून तिथवर धावली. मोठ्या अंतराच्या मुख्य मार्गासाठी १०६७ मिलिमीटरची अरुंद गेज जगात पहिल्यांदा वापरली गेली ती तिथे, असं सांगतात. त्या जागेला तेव्हा 'बिगीज कॅम्प' म्हणत. गव्हर्नर बोवेन यांना ते नाव साधं वाटलं. बिगचं ग्रँड, कॅम्पचं लॅटिन वळणाने चेस्टर, असं करून ग्रँडचेस्टर झालं. म्हणजे पहिल्याच स्टेशनापासून या रेल्वेला नाव शोभेचं हवं होतं. तिथल्या भाषेत त्या जागेला काय म्हणतात, हे विचारावं असं त्या दिवशी कुणाला वाटलं नाही.

मग पुढच्या काळात मूळ लोकांचे शब्द पाट्यांवर आले कसे? यामागे रेल्वेची गरज होती. अमक्याची खाडी, तमक्याचा ओढा अशी एकसारखी इंग्रजी नावं जागोजागी झाली की माल भलत्याच स्टेशनावर उतरतो आणि तार भलत्याच ठिकाणी पोचते. नाव छोटं हवं, वेगळं हवं, कानाला बरं लागायला हवं. आदिवासी शब्द या सगळ्यात बसायचे. उत्तरेला पेट्रीज क्रीक नावाची वस्ती होती. १८९१ मध्ये तिथे रेल्वे आली आणि तिचं नांबूर झालं, लाल फुलांच्या टी-ट्रीच्या झाडावरून. शब्द नेमका कुठल्या लोकांचा, हे नेहमीच पाहिलं जायचं असं नाही. कधी एका मुलखातला शब्द शेकडो मैलांवरच्या फलाटावर जाऊन बसायचा.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. या पाट्या रंगवल्या जात होत्या त्याच वर्षांत ते शब्द बोलणारी माणसं तिथून हलवली जात होती. १८९७ मध्ये क्वीन्सलंडने 'संरक्षणा'च्या नावाखाली कायदा केला. त्यानुसार सरकारी अधिकारी आदिवासींना उचलून दूरच्या वसाहतींत पाठवू शकत होते. तिथे त्यांची मजुरी, त्यांची लग्नं, त्यांचं येणं-जाणं सगळं सरकारच्या हातात. बरांबा, म्हणजेच पुढचं शेरबर्ग, ही अशीच एक वसाहत. वेगवेगळ्या भाषांची माणसं तिथे एकत्र कोंबली गेली आणि मुलांच्या तोंडून भाषा गेल्या. शब्द ठेवून घेतला, माणूस पाठवून दिला. थगूनाच्या ओसाड फलाटाकडे बघताना मला हे दुसरं काही सुचू देईना.

आणखी एक सांगायला हवं, ते आपल्याला मराठी म्हणून चटकन कळेल. ऑस्ट्रेलियाच्या मूळ भाषांत शब्दाच्या सुरुवातीला 'ङ' सहज येतो. अनेक भाषांत आपल्यासारखे ट, ण, ळ आहेत. उलट क-ग, त-द, प-ब हा भेद बहुतेक भाषांत केलाच जात नाही. इंग्रज कारकुनाच्या कानाने आणि रोमन लिपीने या सगळ्याचा चुराडा केला. म्हणून एकाच समाजाचं नाव यगेरा, जगेरा, यागारा असं तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं दिसतं. ही नावं ऐकताना मला राहून राहून वाटत होतं की हे शब्द देवनागरीत टिपले गेले असते, तर निदान 'ङ' आणि 'ळ' तरी वाचले असते.

सगळेच गोरे कानाने बहिरे नव्हते. दुसऱ्या दिवशी मी उत्तरेकडची गाडी धरली ती पेट्री स्टेशनासाठी. टॉम पेट्री १८३१ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मले आणि १८३७ मध्ये आईवडिलांबरोबर ब्रिस्बेनला आले. टरबल या इथल्या मूळ लोकांच्या मुलांबरोबर खेळत ते त्यांची भाषा शिकले, त्यांच्याबरोबर बुन्या नावाच्या झाडाच्या फळांच्या मोठ्या मेळ्यालाही गेले. या भागातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ आज माहीत आहेत ते त्यांनी सांगितले म्हणून. १९१० मध्ये ते वारले आणि नॉर्थ पाइन हे स्टेशन पेट्री झालं. याच मार्गावर पुढे नारांगबा, बर्पेंगरी आणि कबुल्चर आहेत. 'कबुल' म्हणजे कार्पेट स्नेक, नक्षीदार अजगर. कबुल्चर म्हणजे त्याची जागा.

पेट्रीहून किपा-रिंगचा फाटा फुटतो. सहा स्टेशनं, जेमतेम साडेबारा किलोमीटर. एकोणिसाव्या शतकापासून लोक ही रेल्वे मागत होते, ती धावली ४ ऑक्टोबर २०१६ ला. कॅलांगर, मरंबा डाउन्स, मँगो हिल, मँगो हिल ईस्ट, रॉथवेल, किपा-रिंग. मरंबा म्हणजे चांगली जागा, पेट्रींनी आपल्या घरालाच ते नाव दिलं होतं. 'किपा' म्हणजे वयात येताना दीक्षा घेणारा तरुण आणि रिंग म्हणजे त्या विधीचं मातीचं रिंगण. आपल्याकडच्या एखाद्या मंदिराच्या आवारासारखी ती राखीव, पवित्र जागा. आज स्टेशनाबाहेर पार्किंग आहे, बसथांबा आहे. नावाचा अर्थ सांगणारी एक ठळक पाटी फलाटावरच असावी, कुणाचा शब्द आहे तेही त्यावर असावं, असं मला फार वाटलं. सिडनीत ऑगस्ट २०२४ मध्ये मेट्रोची नवी स्टेशनं उघडली. त्यातल्या एकाला इंग्लंडच्या पंतप्रधानावरून पडलेलं पिट स्ट्रीट हे नाव मिळणार होतं, ते बदलून गॅडिगल केलं. ते त्या भूमीवरच्या लोकांचंच नाव. त्याच मार्गावरचं बॅरंगारू हे तर एका स्त्रीचं नाव, इंग्रज आले तेव्हा त्यांना ताठ मानेने सामोरी गेलेली. निसर्गातली गोड वस्तू निवडण्यापेक्षा हे मला कितीतरी पटलं. इथे नाव घेतलं की माणसं डोळ्यांपुढे येतात.

किपा-रिंगहून बसने रेडक्लिफच्या समुद्रावर गेले. १८२४ मध्ये इंग्रजांनी या भागातली पहिली कैद्यांची वसाहत इथे वसवली. पुढच्याच वर्षी ती सोडून ते नदीकाठी, आजच्या ब्रिस्बेनमध्ये गेले. मागे राहिलेल्या त्या रिकाम्या घरांना आदिवासींनी नाव दिलं 'ओम्पी बाँग', मेलेल्या झोपड्या. गोऱ्यांच्या तोंडी त्याचं हंपीबाँग झालं. झोपडीसाठी 'हंपी' हा शब्द ऑस्ट्रेलियन इंग्रजीत कायमचा शिरला आणि हंपीबाँग नावाची शाळा तिथे आजही भरते. या सगळ्या प्रवासात भेटलेलं हे एकच नाव असं, जे कुठल्या कचेरीने निवडलं नाही. मूळच्या माणसांनी परक्यांकडे पाहिलं आणि ठेवलं.