सीतेच्या वेणीची मुळं

सीतेची वेणी फुलली की सगळे फुलांचे फोटो काढतात, आणि काढावेतच, पण मला विचाराल तर या ऑर्किडची खरी मजा त्याच्या मुळांत आहे. असं मी म्हटलं की घरचे हसतात. हसू देत. फुलं वर्षातून दोन-तीन आठवडे, मुळं मात्र बाराही महिने डोळ्यांसमोर, तीसुद्धा मातीत लपलेली नाहीत, चक्क उघड्यावर, फांदीला विळखा घालून आणि काही तर नुसती हवेत लोंबत.

फुलांचं आधी उरकून घेते, नाहीतर अन्याय होईल. आंबे संपत आलेले असतात, पाऊस आज येतो की उद्या असं चाललेलं असतं, त्या मे-जूनच्या सुमाराला आंबोली-महाबळेश्वरच्या रानात किंवा कोकणातल्या एखाद्या जुन्या आमराईत फांदीवरून जवळजवळ हातभर लांबीचे तुरे खाली सुटतात, एकेका तुऱ्यात कधीकधी शंभरावर फुलं, पांढरी, त्यावर गुलाबी-जांभळे ठिपके. मान दुखेपर्यंत बघावं असं प्रकरण आहे. पण ते संपलं की उरतात ती जाड, चिवट, पन्हळीसारखी पानं, ज्यांचं टोक कुणीतरी चावून ठेवल्यासारखं दिसतं, आणि मग त्या झाडाकडे कुणी ढुंकून बघत नाही.

तेव्हा मुळं बघायची. उन्हाळ्यात ती रुपेरी-पांढरी, कोरडी, मेलेली वाटतात. तांब्याभर पाणी ओता (हाताला लागण्याइतक्या खाली असेल तर, नाहीतर पहिल्या पावसाची वाट बघा) आणि तिथेच उभे राहा. पाणी लागलं की तो पांढरा रंग बघता बघता जातो आणि मूळ हिरवं होतं. गंमत अशी की हिरवं ते आधीपासूनच असतं. मुळावर मेलेल्या पेशींचा एक स्पंजी थर असतो, कोरडा असताना त्यात हवा भरलेली म्हणून पांढरा दिसतो, पाणी शोषलं की पारदर्शक होतो आणि आतलं हरितद्रव्य दिसायला लागतं. म्हणजे ही मुळं पाणी धरतात, झाडाला चिकटून राहायचं काम करतात आणि वर थोडंफार अन्नही बनवतात. पानांनी एकट्यानेच सगळं का करायचं!

आमचे काका मात्र याला दरवर्षी कोयता दाखवायचे. "बांडगूळ ता, आंब्याचो रस खाता." त्यांना किती सांगितलं तरी पटायचं नाही. बांडगूळ खरंच फांदीच्या लाकडात घुसतं आणि झाडाचं पाणी ओढतं, जिथे घुसतं तिथे गाठ येते, ती नीट दिसते. फुलटोच्या नावाचा इवलासा पक्षी त्याची फळं खातो आणि चिकट बिया दुसऱ्या फांदीवर नेऊन लावतो, आंबेवाल्यांचा राग मी समजू शकते. पण सीतेच्या वेणीची मुळं सालीवरच राहतात, आत शिरत नाहीत. पावसाचं पाणी, सालीच्या खाचेत साठलेला कचरा, धूळ, दव, एवढ्यावर तिचं भागतं. आंब्याकडून तिला फक्त उंची आणि बसायला जागा हवी असते.

आणि एक रोप तिथवर पोचणं हेच केवढं अवघड. बी म्हणजे अक्षरशः धूळ, एका बोंडात हजारोंनी, पण आत शिदोरी काहीच नाही. योग्य ती बुरशी भेटली आणि तिने खायला घातलं तरच ते रुजतं, नाहीतर गेलं वाऱ्यावर. म्हणून फांदीवर चांगला गड्डा दिसला की समजायचं याला बरीच वर्षं झालीत, एका कोयत्यात काढायची गोष्ट नाही ही.

हे पुस्तकात फार आधी पोचलंय बरं का. डचांनी मलबारात तयार केलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ मध्ये निघाला, त्याच्या शेवटच्या खंडात हे झाड चित्रासकट आहे. त्याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचा देवनागरीतला मजकूर छापलाय, त्यामुळे मला उगाच आपल्या घरचं पुस्तक वाटतं ते. पुढे १७५३ मध्ये लिनिअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने याला शास्त्रीय नाव दिलं तेही पानाच्या त्या चावलेल्या टोकावरून. एवढी फुलं समोर असताना! मला तर बरंच वाटलं, म्हणजे फुलं सोडून भलतीकडे बघणारी मी एकटीच नाही.

आसामात याला कोपौ फूल म्हणतात, तिथलं राज्यफूल आहे, अरुणाचलचंही. एप्रिलमधल्या बोहाग बिहूच्या सणाला नाचणाऱ्या मुली अंबाड्यात अख्खा तुरा माळतात आणि तो कानामागून खांद्याकडे डुलत राहतो. आपल्याकडे अबोली, सुरंगी, बकुळ सगळं केसात जातं पण ही वेणी माळलेली मी तरी कुणाची पाहिलेली नाही. झाडावरच राहते ते एका अर्थी बरं.

कारण उतरवली की हाल सुरू होतात. घाटरस्त्यावर झाडावरून ओरबाडलेले गड्डे विकायला ठेवलेले असतात, लोक हौसेने आणतात, कुंडीत काळी माती भरून रोज पाणी घालतात आणि मुळं कुजून जातात. हवेत राहायची सवय असलेल्या मुळांना मातीत पुरलं तर दुसरं काय होणार? घेऊच नका, मागणी असते म्हणून तर ओरबाडतात.

वादळात फांदी मोडून खाली पडली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तसंच ठेवलं तर गड्डा मरणारच. मग तो सालीच्या तुकड्यासकट उचलायचा आणि जवळच्याच खरबरीत सालीच्या झाडाला, दुपारचं कडक ऊन लागणार नाही अशा बेचक्याजवळ, काथ्याच्या सुंभाने बांधायचा. शेण, माती, खत काही थापायचं नाही. नवीन मुळांनी साल धरेपर्यंत सुंभ टिकतं, पुढे आपोआप कुजून गळून पडतं. नायलॉनची दोरी मात्र वापरू नका, ती कुजत नाही आणि फांदी जाड झाली की सालीत रुतते.