पाणी जिरले नाही

मी मूळचा परभणीचा, पेशा मृदापरीक्षणाचा. अमेरिकेत अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी येथे स्थायिक झाल्यापासून, ग्रामीण जमीन विकत घेऊ पाहणाऱ्यांना पाहणीचा अहवाल करून देणे हे माझे काम आहे. गेल्या मार्चमध्ये अटलांटाच्या एका जोडप्यासाठी मी शेजारच्या लाऊंड्स काउंटीतील वीस एकर जमीन पाहिली. वीज गेली, बाजार बंद पडला, तरी वर्षभर तग धरता येईल असे स्वयंपूर्ण घर त्यांना तेथे बांधायचे होते. त्यांच्या चार पानी यादीत विहीर, सौर पॅनेल, धान्य, शेळ्या असे सर्व काही होते. सांडपाण्याचा मात्र उल्लेख नव्हता.

‘ब्लॅक बेल्ट’ नावाने ओळखली जाणारी तेथील काळी माती मला परकी वाटली नाही. ओली झाली की फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती आमच्या गोदाकाठच्या मातीची सख्खी बहीणच. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी वाफसा आलेला नव्हता. खाली सेल्मा चॉक हा खडूसारखा खडक असून तो पाणी देत नाही, त्यामुळे विहिरीसाठी त्याच्याही खालच्या वाळूच्या थरांपर्यंत खोल जावे लागते. शेततळ्यासाठी मात्र अशी जमीन उत्तम, आणि या पट्ट्यात मासे पाळण्याची तळी आहेत ती त्यामुळेच.

सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारे पाणी जमिनीत जिरवण्यासाठी शोषचर खणतात; तळ्यात पाणी टिकवणारी माती तेथे ते जिरू देत नाही. मी हातभर खोल खड्डा खणून पाणी भरले. दोन तासांत पातळी जेमतेम बोटभर उतरली. कुंपणापाशी आलेल्या शेजारच्या वृद्ध बाईंना त्याचे नवल वाटले नाही. त्यांच्या घराचा पाइप मागच्या उघड्या चरात जातो, कारण या मातीत चालणाऱ्या खास यंत्रणेला हजारो डॉलर लागतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच काउंटीतील 55 जणांपैकी 19 जणांच्या विष्ठेच्या नमुन्यांत अंकुशकृमी, म्हणजे विष्ठेने दूषित मातीतून शरीरात शिरणारा जंत, आढळला होता. सांडपाण्याच्या प्रश्नावर केंद्रीय न्याय विभागाने 2023 मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याशी केलेला करार 2025 च्या एप्रिलमध्ये केंद्रानेच संपुष्टात आणला. ते जोडपे सार्वजनिक यंत्रणेबाहेर जगण्याची तयारी करत होते आणि या बाई पन्नास वर्षे तशाच जगत होत्या. त्यांची परवानगी घेऊन मी ही नोंद अहवालात केली, जरी ती मागितलेली नव्हती.

टाकी दुप्पट मोठी बांधली तर चालेल का, असे त्या जोडप्याने फोनवर विचारले. टाकी कितीही मोठी असली तरी तिच्यातून बाहेर पडणारे पाणी जमिनीनेच घ्यावे लागते, हे मी समजावले. मग त्यांनी कोरड्या संडासाचा पर्याय काढला, तेव्हा अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याचे काय करणार, असे मला विचारावे लागले. त्यांनी विचार करून कळवतो म्हटले.

दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवायला गेलो, तेव्हा तळाशी वीतभर पाणी होतेच.