हिगिनबॉथम यांच्या मेलबर्नमध्ये

मेलबर्नला येणारे बहुतेक पर्यटक स्प्रिंग स्ट्रीटवरील संसदभवनाच्या पायऱ्यांवर छायाचित्र काढून पुढे जातात. मी आत गेलो तो जॉर्ज हिगिनबॉथम यांच्यासाठी. डब्लिनमध्ये 1826 साली जन्मलेले हे बॅरिस्टर 1854 मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीत आले, काही वर्षे ‘आर्गस’ दैनिकाचे संपादक होते आणि पुढे याच विधानसभेत ॲटर्नी जनरल म्हणून बसले. 1865 मध्ये वरिष्ठ सभागृहाने सरकारचा खर्च अडवून धरला, तेव्हा एका बँकेकडून कर्ज घ्यायचे, बँकेने वसुलीचा दावा लावायचा, सरकारने तो बिनतक्रार मान्य करायचा आणि न्यायालयाच्या हुकुमावर तिजोरी उघडायची, अशी शक्कल लढवली गेली आणि तिला कायद्याचा आधार दिला हिगिनबॉथम यांनीच. कायदेपंडिताला हे शोभले का, याची मला शंका आहे. डोके मात्र मानावे लागते. वसाहतींवर खरे राज्य लंडनच्या वसाहत-कचेरीतला रॉजर्स नावाचा एक इसम करतो, असा टोला त्यांनी 1869 मध्ये येथेच हाणला.

तेथून चालत लायगन स्ट्रीटवरील ट्रेड्स हॉल, म्हणजे कामगार संघटनांचे मुख्यालय, गाठले. कामगारांच्या बुटांनी झिजलेल्या तिथल्या पायऱ्या चढताना 1890 चा बंदर-संप आठवतो. हिगिनबॉथम तेव्हा वसाहतीचे सरन्यायाधीश होते, आणि तरीही संपनिधीला 50 पौंड पाठवून, मालक चर्चेला बसेपर्यंत दर आठवड्याला 10 पौंड देण्याचे त्यांनी लेखी कळवले. प्रतिष्ठितांमध्ये अर्थातच गहजब झाला.

विल्यम स्ट्रीटवरील व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाची, डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्स’ या न्यायालयाच्या इमारतीची आठवण देणारी घुमटाकार इमारत 1884 ची. माझ्या मते हिगिनबॉथम यांची खरी कसोटी लागली ती 1888 मध्ये, ‘अफगाण’ जहाजातून आलेल्या आ टॉय या चिनी प्रवाशाच्या दाव्यात. त्याला उतरू न देण्याचा अधिकार विधानसभेला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळाला आहे, असे सांगून ते अल्पमतात राहिले. सहापैकी चार न्यायाधीशांनी आ टॉयच्या बाजूने कौल दिला. वसाहतीच्या स्वायत्ततेचा आयुष्यभर पुरस्कार केलेला त्यांचा युक्तिवाद येथे एका निराधार परदेशी माणसावर उलटला, हे वाचताना मन खट्टू होते. 1891 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींच्या अंतिम अपील न्यायालयाने, तो निकाल फिरवला खरा, पण हिगिनबॉथम यांचा घटनात्मक सिद्धांत बाजूला ठेवून, परकीयाला प्रवेशाचा कायदेशीर हक्कच नाही अशा मुद्द्यांवर.