तलावाची फी आणि मनातला दर

पालिकेच्या जलतरण तलावाचा मासिक पास ५०० वरून थेट १००० रुपयांवर नेला की ओरड होतेच. त्यावर "खासगी क्लबात किती घेतात ते बघा" हे उत्तर कुणालाच पटत नाही. पोहायला येणाऱ्याच्या डोक्यात क्लब नसतो, गेल्या वर्षीची पावती असते. अमेरिकेत सार्वजनिक उद्यानांच्या शुल्कावर वर्षानुवर्षं काम केलेले जॉन क्रॉम्प्टन याच मनातल्या दरावर भर देतात. दरवर्षी ७ टक्के वाढ केली असती, तर दहा वर्षांत ५०० चे साधारण ९८५ झाले असते आणि एवढी ओरडही झाली नसती. दहा वर्षं दर गोठवून ठेवणं ही दया नव्हे. ती सगळी वाढ एकाच वर्षीच्या माणसांवर पडते.

म्हणून आधी हिशेब मांडा. समजा वीज, क्लोरीन, गाळणी, जीवरक्षक, दुरुस्ती मिळून वर्षाला ६० लाख लागतात. ३०० दिवस, रोज ८ बॅच, बॅचला सरासरी २४ जण, म्हणजे ५७,६०० हजेऱ्या. एका हजेरीमागे खर्च १०४ रुपये. ५०० च्या पासवर महिन्यात २० वेळा येणारा त्यातले २५ देतो, बाकीचा खर्च करदाते भरतात. हा हिशेब दरवाढीच्या दोन-तीन महिने आधी फलकावर लागला पाहिजे. नव्या दरपत्रकासोबत लावला तर ती सबब वाटते.

कारणही पाहिलं जातं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान, अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. कॅनडात लोकांना फोनवर विचारलं होतं: हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी दुकानदाराने १५ डॉलरचं फावडं २० ला विकलं, हे योग्य का? ८२ टक्के लोकांनी ते अन्यायाचं ठरवलं. वीजबिल वाढलं म्हणून फी वाढवली तर लोक कुरकुरत का होईना, मान्य करतात. मे महिन्यात मुलांची गर्दी होते म्हणून वाढवली तर तो फावड्याचाच प्रकार. त्यापेक्षा पूर्ण दर वर्षभर एकच ठेवा आणि दुपारच्या रिकाम्या बॅचला सवलत द्या. गर्दी तेवढीच पांगते, पण कुणाला दंड भरल्यासारखं वाटत नाही.

हद्दीबाहेरच्यांना जास्त दर लावणं मात्र रास्तच आहे; स्थानिकांनी मालमत्ता करातून आपला वाटा आधीच दिलेला असतो.

सगळ्यात जास्त राग येतो तो पास काढल्यावर तलाव दुरुस्तीसाठी आठ दिवस बंद राहिला की. तेवढे दिवस पासची मुदत आपोआप वाढली पाहिजे, अर्ज न मागता.